चोकवर चालते, चोक सोडला की बंद: कार्बोरेटर बदलण्याआधी हे पाहा

प्रश्न मानोऱ्याकडच्या एका शेतकरी भावाचा आहे. गाडी 2005 ची स्प्लेंडर, वडिलांनी घेतलेली. ते लिहितात: "सकायी चोक वढून बी पंधरा-वीस किका माराव लागते. चालू झाली त चोकवर चालते, चोक सोडला का बंद. गरम झाल्यावर स्लोले रेस वरखाली होते, कुठं उभी केली का फसकन बंद पडते. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आवाज लय यायचा म्हणून दिवाईत टॅपेट आवळून घेतले, आता गाडी एकदम शांत हाय. मिस्त्री म्हणते नवा कार्बोरेटर टाका. टाकू का? का हे नव्या पेट्रोलानं होऊन राहिलं?"

भाऊ, टाकू नका. निदान आज तरी नको. तुमच्या गाडीला एक नाही, दोन आजार आहेत. दोन्ही तुम्ही स्वतःच सांगून टाकले, पण दुसरा सांगताना तो आजार आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही.

मी दारव्ह्याजवळ, शकुंतला रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर तीस वर्षं गाड्या उघडतो आहे. राजदूत, एम-80, सीडी-100, मग स्प्लेंडरच स्प्लेंडर. एवढ्या वर्षांत खरोखर फेकून द्यावे लागलेले कार्बोरेटर मोजायला दोन हातांची बोटं पुरतील. बाकी सगळे त्याच्या आजूबाजूच्या कशाच्या तरी पापाचे धनी झालेले. कार्बोरेटर समोर दिसतो, दोन नटांत निघतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

आधी पहिला आजार. चोक पेट्रोल वाढवत नाही, हवा अडवते. तोंडाशी हवा अडली की आतली ओढ वाढते आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल जास्त खेचलं जातं. आता चोकवर तगते आणि चोक सोडला की मरते अशी गाडी काय सांगून राहिली? मला पेट्रोल कमी पडतं, किंवा कुठून तरी फुकटची हवा मिळते. याच्या उलट चोक ओढला की भकभक काळा धूर सोडून बंद पडणारी आणि रेस पूर्ण पिळल्यावर कशीबशी चालू होणारी गाडी पेट्रोल जास्त पिते. तिचा इलाज वेगळा. फिल्टर तुंबलेला, कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची पिन गळकी किंवा चोकच अर्धवट अडकलेली. म्हणून कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी पाच-सहा किलोमीटर गाडी फिरवून आणा, स्लोवर, म्हणजे रेस न पिळता जागेवर चालू, ठेवा आणि चोकची दांडी हळूहळू अर्ध्यापर्यंत उचला. रेस वर चढून स्थिर झाली तर पेट्रोल कमी, हवा जास्त. लगेच गुदमरून बंद पडली तर पेट्रोल कमी नाही. चोकची ही दांडी तुमच्या गाडीवर असलेलं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे, आणि ते कोणी वापरत नाही.

तुमची गाडी उघडच पहिल्या प्रकारची आहे. हवा कुठून येत असेल? माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात वेळा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडातून. कार्बोरेटर इनलेट पाइपवर दोन नटांनी बसतो, मध्ये काळा बेकलाइटचा इन्सुलेटर असतो आणि जोडात ओ-रिंग. ती रबराची. वीस वर्षं इंजिनची आच आणि वैशाखातलं आपलं 45 अंशांचं ऊन खाऊन ती सपाट आणि कडक होते. मागच्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती. नवाकोरा कार्बोरेटर घातलेला, तरी अगदी तुमच्यासारखंच दुखणं. मी नट काढून ओ-रिंग नखाने उचलली. बोटात दाबली तर बांगडीसारखी कडक, आणि वाकवल्याबरोबर कट्‌कन दोन तुकडे. ज्याने नवा कार्बोरेटर बसवला त्याने जुनीच ओ-रिंग परत लावली होती. चहा-पोह्याच्या पैशात ते काम झालं असतं.

हवा गळते का हे घरीच पाहता येतं. डॉक्टरकडची वापरलेली सिरिंज घ्या, सुई काढून टाका, तिच्यात साधं पाणी भरा. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडाभोवती, इनलेट पाइपच्या इंजिनाच्या हेडकडच्या टोकाशीही, थेंब थेंब पाणी सोडा. एखाद्या जागी पाणी पडताच रेस बदलली, गाडी अडखळली किंवा क्षणभर नीट चालली, तर फट तिथेच. काही जण हेच पेट्रोल टाकून करतात. गरम सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर पेट्रोल शिंपडणाऱ्याला मी माझ्या दुकानात उभा करत नाही.

ओ-रिंग बदलताना आणखी एक गोष्ट पाहा. गळती थांबावी म्हणून लोक ते दोन नट जीव खाऊन आवळतात. कार्बोरेटरचा धातू मऊ. दोन्ही कान इंजिनकडे ओढले जातात, मधला भाग फुगतो आणि मग नवी ओ-रिंगही धरत नाही. कार्बोरेटरचं ते तोंड आरशाच्या काचेवर ठेवून हलवून पाहा. डुगडुगलं तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, वर चार थेंब तेल टाका आणि तोंड गोल गोल फिरवत घासा, सगळीकडे सारखी चकाकी येईपर्यंत. घासलेली भुकटी पेट्रोलने नीट धुवा. नट आवळताना एकदा इकडचा, एकदा तिकडचा, हाताच्या जोराने. पान्याला पाइप लावून नाही.

जोड ठीक निघाला तर मग स्लो जेट. "दोनदा साफ केला" हे मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा साफ केला म्हणजे खालची वाटी काढली, पेट्रोलने धुतली, मेन जेटमधून फुंकलं, लावला. स्लोवर गाडी मेन जेटवर चालतच नाही. तिचा सगळा संसार त्या बारक्या स्लो जेटवर. त्याचं भोक एवढं बारीक की सुईचं टोकही जाऊ नये. जेट काढा, आभाळाकडे धरून एक डोळा मिटून पाहा. भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. कडेला पिवळट चिकट कड दिसली तर ते वाळलेलं पेट्रोल. रात्रभर पेट्रोलमध्ये किंवा कार्बोरेटर क्लिनरमध्ये बुडवून ठेवा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंका. स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पीत बसते. अगदीच निघत नसेल तर वायरीतला तांब्याचा एक केस, तोही जोर न लावता. कार्बोरेटरच्या अंगातल्या रस्त्यांतूनही हवा मारा. आत स्लाइडच्या (रेस पिळली की वर उचलणाऱ्या भागाच्या) जवळ टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, हवा तिथून बाहेर येते का बोट लावून पाहा. हवा मारण्याआधी फ्लोट आणि पिन काढून ठेवायला विसरू नका, नाहीतर पिन उडून गोठ्यात शोधत बसाल.

तिसरी शक्यता, वाटीत पेट्रोलच पुरेसं नाही. सकाळी पहिली किक मारायच्या आधी वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरा. बाटली उजेडात धरून दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळे दिसणारे, बाटली कलती केली की घरंगळणारे थेंब म्हणजे पाणी. तांबूस रवा म्हणजे टाकीचा गंज. पेट्रोल जवळजवळ निघालंच नाही तर पाइप कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत होत थांबली, आणि टाकीचं झाकण उघडताच परत सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. आपल्याकडे हे काम कुंभारमाशी करते. शेतात आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्यांत मातीचं घर बांधायला तिला वेळ लागत नाही.

नव्या पेट्रोलचं विचारलं ते इथेच सांगतो. नवं पेट्रोल म्हणजे इथेनॉल मिसळलेलं. शंका अगदी खोटी नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत 8-10 अंशांच्या पहाटे थंड इंजिन किकला लागायला कुरकुरते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जेट तेच असलं तरी 20 टक्के मिसळीच्या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ पडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉल मिळून तळाला बसतं, नेमकं जिथून कॉक पेट्रोल घेतो तिथे. जुनं रबरही त्याने फुगतं किंवा कडकतं. 2005 ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे रबर-पाइप त्याला धरून केलेले असतात. पण सगळं पेट्रोलवर ढकलू नका. माझ्याकडे येणाऱ्या तिच्याच वयाच्या किती तरी गाड्या त्याच पंपाचं पेट्रोल पिऊन तीन किकांत चालू होतात. त्यांची ओ-रिंग शाबूत आहे, तुमची पाहायची आहे, एवढाच फरक. गावात बाटलीतून मिळणारं पेट्रोल मात्र खरंच टाळा. उन्हात प्लास्टिकच्या बाटलीत राहून त्यातला हलका भाग आधीच उडालेला असतो, आणि किक लागते ती त्याच हलक्या भागावर. त्यात रॉकेल आहे अशी शंका आली तर दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पेट्रोल उडून जातं, रॉकेलचा तेलकट डाग राहतो.

आता दुसरा आजार. हवेच्या गळतीने गाडी चोकवर अवलंबून राहते हे खरं, पण चोक ओढल्यावर ती तीन-चार किकांत तरी लागायला हवी. पंधरा-वीस किका कशाला? तुम्हीच लिहिलं, दिवाळीत टॅपेट आवळून घेतले आणि गाडी एकदम शांत झाली. भाऊ, ती शांतताच नडून राहिली.

हे दर हंगामात होतं. माणूस गाडी घेऊन येतो, म्हणतो टक टक आवाज येतो, बंद करा. मिस्त्री बिचारा काय करणार, गिऱ्हाईक खूश पाहिजे. तो अंदाजाने पेच आवळतो, आवाज जातो, माणूस खुशीत घरी जातो. पण रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व्हच्या मध्ये जी फट ठेवलेली असते, ती उगाच नसते. या इंजिनात ती मिलिमीटरच्या एक दशांशाहूनही कमी. ती पुरती गेली की व्हॉल्व्ह आपल्या जागी नीट टेकत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं आणि थंड इंजिन किकला जवाब देत नाही. असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळतो, आणि मग हेड उघडण्याशिवाय गती नाही. शिवाय वयाबरोबर व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा थोडा रुततो, त्यानेही फट आपोआप कमी होते. टॅपेटचा बारीक, एकसारखा टिकटिक आवाज मला तरी आवडतो. एकदम मुकी स्प्लेंडर आली की मी आधी टॅपेटची झाकणं काढतो.

करायचं असं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, 35 अंशांच्या खाली. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीत उभी असलेली गाडीही त्याच्या वर असते, म्हणून हे काम पहाटेचं. प्लग काढा, म्हणजे इंजिन सहज फिरतं. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवरची छोटी झाकणं काढा. गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. छिद्रातून मॅग्नेटवर 'टी' ची खूण दिसेल, ती कव्हरच्या खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा, किंचित हलायला हवेत. आवळलेले असले तर दोन शक्यता. तुम्ही चुकीच्या फेऱ्यात आहात, मग मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवून परत 'टी' वर आणा. तिथेही घट्टच असले तर चोर सापडला. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या मापाची घ्या. ती रॉकरखाली सरकताना तुपाच्या हाताला कागद चिकटतो तेवढीच ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळताना पेच थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत एकदा पट्टी घालून पाहायची. नवशिके इथेच फसतात.

करंट पाहायचं राहू नये म्हणून तेही सांगतो, पण तुमच्याकडे तिथे दोष असेल असं वाटत नाही. वायरीच्या टोकाची प्लगची टोपी फिरवून काढा. आतलं तांबं हिरवं-काळं झालं असेल तर वायर अर्धा सेंटिमीटर कापा आणि टोपी परत फिरवून घट्ट बसवा. प्लगची फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर. प्लगचं तोंड पांढरं असेल तर पेट्रोल कमी हे पक्कंच झालं, कोरडं काळं असेल तर माझं वरचं अर्धं निदान मागे घ्या. गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडून अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, निमूट चालू होत असेल तर ते कॉइलचं लक्षण, पण तुमचं तसं नाही.

एअर फिल्टरही उघडा. कापूस वेचणीच्या दिवसांत गंजीजवळून किंवा भरलेल्या गाडीच्या मागून फिरलेल्या गाड्यांच्या फिल्टरवर मी रुईचा आख्खा पापुद्रा सोललेला आहे. मात्र "फिल्टरच काढून टाका, गाडी पळते" हा सल्ला मानू नका. काळ्या मातीची धूळ एका उन्हाळ्यात पिस्टनच्या रिंगा खाते.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, स्लो सेट करायचा. लोक उलटं करतात. हवा गळत असताना रेसचा स्क्रू आवळून गाडी तगवतात, आणि मग ती गरम झाली की रेस आपोआप चढते. स्प्रिंगवाला मोठा स्क्रू रेसचा, आत खोलात बसलेला छोटा मिश्रणाचा. छोटा स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवा, कारण यात जुने मिस्त्रीही गोंधळतात. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड. आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवत मोजा, किती फेरे होते ते भिंतीवर लिहून ठेवा, मग दीड फेरा बाहेर. गाडी चांगली गरम असताना त्याच्या अलीकडे-पलीकडे पाव पाव फेरा फिरवत रेस सगळ्यात वर आणि सगळ्यात एकसारखी कुठे होते ते कानाने शोधा, नंतर मोठ्या स्क्रूने रेस खाली आणा. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. वळवताना रेस चढली तर केबल ताणलेली आहे, कार्बोरेटरचा काही संबंध नाही.

सकाळच्या किकेबद्दलही एक. चोक ओढून किक मारताना रेस पिळू नका. या कार्बोरेटरला पेट्रोल उडवणारा पंप नाही, पिळून काही जास्त पेट्रोल येत नाही, उलट चोकची ओढ मोडते. चावी बंद ठेवून दोन सावकाश किका, मग चावी चालू करून एक जोराची. आणि गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवणार असाल तर घरी आल्यावर कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडू द्या. वाटीत पेट्रोल राहिलं की उन्हाने हलका भाग उडतो, उरलेला डिंक स्लो जेटमध्ये बसतो.

तर उद्या पहाटे आधी टॅपेट, मग पाण्याची सिरिंज, मग जेट, या क्रमाने जा. यातून काही सापडलं नाही, कार्बोरेटरच्या स्लाइडला हाताने हलवता येईल इतका झोल पडलेला निघाला आणि नवा टाकायचीच वेळ आली, तर जुना मिस्त्रीकडे सोडून येऊ नका. त्यातले जेट आणि सुई कंपनीची आहेत. बाजारातल्या नव्या कार्बोरेटरचे जेट कित्येकदा तुमच्या गाडीला बसत नाहीत, तेव्हा हेच जुने काढून त्यात घालावे लागतात.